कूलर बंद करून बोलायचे दिवस

आमच्या गल्लीतले कूलर बाहेर निघाले.

बाहेरगावच्या माणसाले यात काय मोठं झालं ते नाही समजायचं. वर्षभर जिन्याखाली जुनी चादर पांघरून पडलेले पत्र्याचे डबे लोक ओढत उन्हात आणतात, मागच्या साली काळ्या पडलेल्या ताट्या काढून फेकतात, नव्या गवताच्या बसवतात, पंप लावून पाहतात. पहिलं पाणी त्या कोरड्या गवतावर उतरलं की आमच्या सगळ्या महाल भागात एक ओला, जंगली वास सुटते. शेजारच्या काकू डोळे मिटून म्हणतात, "आता कुठं जिवाले बरं वाटलं वं माय." मले त्याच वासानं घाम फुटते. पहिले तळहाताले, मग मानेले, मग कुठं कुठं ते सांगत नाही.

त्यात समोरच्या गच्चीवर कॉलेजचे दोन पोट्टे येऊन उभे राहिले. एकाच्या हातात मोबाईल, दुसरा पाण्याच्या टाकीले टेकून. मोबाईलवाला टाकीकडे पाहून म्हणते, "गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड मॅडम अँड माय डिअर फ्रेंड्स, टुडे वुई आर गोइंग टू..." अन् थांबला.

"गोइंग टू काय बे?"

"थांब ना. आठवून राहिलो."

"मॅडम थांबन का तुह्यासाठी?"

मी खिडकी लावून घेतली. बाहेर बेचाळीस डिग्री, खोलीत त्याहून जास्त, तरी लावली. काही आवाज माणसाले सहन नाही होत. मी आता नागपुरातच, बर्डीच्या बाजारात एका क्लासच्या ऑफिसात बसतो, दिवसभर चौकशीले आलेल्या माय-बापांशी बोलतो, "या काकाजी, बसा काकाजी" करतो. लोक म्हणतात पोट्टा बोलायले पक्का आहे. पण एप्रिल लागला, ताट्या ओल्या झाल्या, की माझा घसा कॉलेजच्या त्या वर्गात जाऊन उभा राहते.

मी मौद्याचा, नागपूरहून भंडारा रोडवरचं गाव. तिथं जन्मलो आणि नकलांवर वाढलो. शाळेत तपासणीले साहेब आला तर साहेब फाटकाबाहेर जायच्या आत माझा साहेब सुरू. गणिताचे सर मले वर्गात उभं करून म्हणत, "चाल, हेडमास्तर करून दाखव." मग हेडमास्तर मले ऑफिसात बोलवत, दार लोटत, इकडंतिकडं पाहत आणि हळूच म्हणत, "गणिताचे सर कर." भंडाऱ्याच्या गाडीचा कंडक्टर, लग्नातला माईकवाला, मतं मागायले आलेला पुढारी, शेजारणीची शिंक, सगळं माझ्या गळ्यात. पाव्हणे आले की मी म्हणजे चहासोबतचा चिवडा. "ये रे, करून दाखव." मी करून दाखवी. पाव्हणे हसत, मोठी माय ओवाळून टाके, आणि सगळ्यांचे आवाज करता करता आपला कोणता, हे कोणी विचारलं नाही. मी तरी कायले विचारतो?

मग नागपूरचं कॉलेज. तिथं एक विषय होता कम्युनिकेशन स्किल. मी म्हटलं, हा तर आपल्या घरचा विषय.

आमच्या वर्गात एकच कूलर होता, मागच्या खिडकीत, विहिरीवरच्या मोटरीसारखा घोंगावणारा. तो चालू असला की शिकवणाऱ्याचं फक्त तोंड हलताना दिसे, म्हणून पोट्ट्यांचा त्याच्यावर भारी जीव. पण प्रेझेंटेशनचा तास असला की पांढरीपांडे मॅडम दारातूनच म्हणायच्या, "कूलर बंद करा रे."

बस. पात्याचा वेग कमी कमी होई, ताट्यांवरचं पाणी टपटप करून थांबे, आणि मग जी शांतता उतरे तिचं वर्णन मले आजही नाही करता येत. भर दुपार, एप्रिल, वर पत्रे. अख्खा वर्ग वहीनं वारा घेत तुमच्याकडं पाहून राहिलेला आणि प्रत्येकाच्या तोंडावर एकच भाव, हा जितका वेळ बोलन तितका वेळ आपण शिजू. बोलणारा म्हणजे वर्गाचा दुश्मन. त्याच्यावर आणखी एक रीत अशी, की ज्या ग्रुपचं प्रेझेंटेशन त्यानंच सकाळी बादल्यांनी कूलर भरायचा. म्हणजे आम्हीच पाणी वाहायचं आणि आमच्याच पायी तो बंद व्हायचा.

पांढरीपांडे मॅडम महालातल्याच. बारीक अंग, सुती साडी, केसात पेन खोचलेला. आवाज एवढा हळू की वाटे, आता संपला. पण शेवटच्या बाकावर झोपलेल्याले तो उठवी. मी पहिल्या दिवसापासून त्यांची नक्कल करायचा प्रयत्न केला. नाही जमली. सगळ्या जगात तेवढी एकच नाही जमली, हे तेव्हाच खटकायले पाहिजे होतं.

आमचा ग्रुप तिघांचा. प्रणाली, भूषण आणि मी. प्रणाली कोराडीच्या वसाहतीतली, तिचे बाबा वीज केंद्रात. ती रोज बसनं येई आणि वर्गात शिरली की रेल्वे स्टेशनावर सूचना सुरू झाल्यासारखं वाटे. भूषण काटोलकडचा, त्याच्या घरी संत्र्याची बाग. तो दिवसभरात बोलून बोलून "हो", "नाही", "पाहू" एवढं बोले. मॅडमचा नियम साधा होता. मराठीत बोला, हिंदीत बोला, इंग्रजीत बोला, पण प्रत्येकानं दोन मिनिटं बोलायचंच. सेमिस्टरमध्ये दोन प्रेझेंटेशनं. त्यातल्या एकात तरी पास व्हायचं, नाही तर विषय राहिला.

पहिलं प्रेझेंटेशन मी टीव्हीवरच्या बातम्यांच्या आवाजात दिलं. "नमस्कार, आजच्या ठळक घडामोडी." मागची पोरं बाक वाजवून राहिली, गरमी विसरली, एकानं शिटी मारली. मी घामानं ओला, पण खुश. मॅडमनं सगळं ऐकून घेतलं, पेन केसातून काढला आणि शून्य दिलं.

"छान झालं," त्या म्हणाल्या. "पण तो बातम्यावाला आला होता, त्याला मार्क देऊन मी काय करू? पुढच्या वेळी तू ये."

वर्ग हसला. मीही हसलो. जिना उतरता उतरता मात्र मी हिशोब लावला. माझे आधीचे विषय राहिलेलेच होते, आणखी एक राहिला की वर्ष जात होतं. आणि वर्ष गेलं की मौदा. बाबाची पिठाची चक्की आहे तिथं, तिच्यावर उभं राहायचं. यात काही लपवाछपवी नव्हती, बाबानं आणि मी बोलूनच ठरवलं होतं, शिकणं जमलं तर शीक, नाही जमलं तर ये.

तेव्हापासून मी माझा आवाज शोधायले लागलो. ऐकायले गंमत वाटते ना? मलेही पहिले दोन दिवस वाटली.

कॉलेजच्या मागं सायकल स्टँडवर आम्ही प्रॅक्टिस करत होतो. विषय वेळेचं नियोजन. प्रणालीनं मले गाडीच्या सीटवर उभं केलं.

"सरळ बोलून दाखव. नाटक नाही पाहिजे."

मी सुरू झालो, "आपल्या जीवनात वेळेले फार महत्त्व आहे..."

"हा कंडक्टर आहे."

"कसा काय?"

"शेवटी आवाज वर नेतो तू. आता म्हणशील, पुढं सरका, पुढं सरका. परत बोल."

परत बोललो.

"हे तुमचे हेडमास्तर. घसा खाकरला तू मधात."

"मले खरंच खाकर आली होती वं!"

"त्यायलेही खरंच येत असन. परत."

मग मी अगदी सावकाश, शब्द मोजून, हात खाली ठेवून बोललो. प्रणालीनं कमरेवर हात ठेवले आणि तिचा चेहरा लाल झाला. "ही तर मीच आहे! माझी नक्कल करून राहिला का रे?"

आईची शपथ, नव्हतो करून राहिलो. तेच तर दुखणं होतं. भूषण पेट्रोलच्या टाकीवर बोटानं रेघा मारत ऐकत होता. मी त्याले विचारलं, "आता काय करू गा?" तो म्हणे, "पाहू."

माणूस हरवला तर पोलिसात जाता येते. आवाज हरवला तर कुठं जायचं? आणि हरवला म्हणायले तो आधी असावा लागते. मी खोलीत मोबाईलवर स्वतःले रेकॉर्ड करी आणि उशीत तोंड खुपसून ऐकी. प्रत्येक वेळी कोणीतरी दुसराच बोले. एकदा वाटलं, हा नवीन आहे, हाच आपला. दोनदा ऐकल्यावर समजलं, टपरीवरचा पानवाला. चहा पिताना, रांगेत उभं राहताना, अंघोळीच्या बादलीवर वाकून, मी मनातल्या मनात "नमस्कार" म्हणून पाही. नमस्कार एवढ्या लोकांचा असते, एकही आपला नसावा?

एक दिवस घरी फोन लावला. ठरवलं, कोणाचाच आवाज नाही काढायचा, जे निघन ते निघन. "हॅलो, आई."

"कोण पाहिजे?" आई म्हणे.

"मी बोलून राहिलो."

"मी कोण? राँग नंबर आहे भाऊ."

तिनं ठेवला. मग लगेच तिचाच फोन आला, हसून राहिली होती, "मले वाटलं बँकवाला आहे! काहून रे असा मेल्यावाणी बोलून राहिला? बरं आहे ना?" मी लगेच कंडक्टर होऊन म्हटलं, "बरं आहे बाई, पुढं सरका." ती खूप हसली. मले फोन ठेवल्यावर रडू आलं, पण ते कोणाच्या आवाजात रडू, तेही ठरेना.

शनिवारी मौद्याले गेलो. मौदा रोडवर कोळशाच्या गाड्यांच्या मागं बस रेंगाळत जाते, खिडकी उघडी ठेवली तर दातात कचकच, लावली तर जीव गुदमरते. मी उघडी ठेवली. चक्की सुरू होती. आमच्या घरचं बोलणं चक्कीवरूनच चालते. पट्टा फिरत असते, जातं घरघरते आणि सगळे ओरडूनच बोलतात, प्रेमाचं असो की भांडणाचं, सूर एकच. बाबा गव्हाच्या डब्यावर वाकलेला, पापण्यांवर पीठ. मले पाहून ओरडला, "कवा हाय थे बोलायची परीक्षा?"

"बुधवारी!"

"होते का पास?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मलेच नाही समजलं. बाबानं डबा गिऱ्हाइकाले दिला, हात झटकले आणि माझ्या जवळ येऊन ओरडला, "नाही झालं तं ये ना वापस! काय होते त्यात! माह्या संगं उभा राय!"

तो रागावला असता तर मी वाचलो असतो. रागाची नक्कल करून हसवलं असतं. पण तो चांगल्या मनानं बोलत होता. मले तिथं चक्कीच्या दारात दिसलं, पुढची सगळी वर्षं, पापण्यांवर पीठ, गल्लीतले पोट्टे येऊन म्हणतील, "भाऊ, कंडक्टर करून दाखव ना," आणि मी करून दाखवीन. वाईट काहीच नव्हतं त्यात. मी पहिली बस पकडून निघालो.

परतीच्या बसमध्ये मले युक्ती सुचली. कूलर बंदच नाही होऊ द्यायचा.

चालू राहिला तर कोणाले काही ऐकू येणार नाही. दोन मिनिटं तोंड हलवायचं, हात करायचे, धन्यवाद म्हणायचं, संपलं. आवाज कोणाचा का असेना. डुबणारा माणूस म्हशीचं शेपूटही धरते, तसं मी ते धरलं. आज विचार करतो तर वाटते, असली युक्ती फक्त चक्कीवाल्याच्याच पोराले सुचू शकते. आवाजाच्या आड लपता येते, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेलं.

बुधवारी सकाळी आम्ही कूलर भरला. प्रणाली नळाखाली बादली धरे, मी अर्ध्या वाटेत घेई, भूषण वर चढून ओते. मी म्हणालो, "काठोकाठ भर." त्यानं आणखी एक बादली मागितली.

दुपारी मॅडम दारात आल्या. तोंड उघडणार तेवढ्यात मी उभा.

"मॅडम, आज चालू राहू द्या ना. पोट्ट्यायले चक्कर येऊन राहिली."

सगळा वर्ग उठला. "हो मॅडम! चालू राहू द्या मॅडम! देवासारखा बोलला मॅडम!" मले आयुष्यात एवढा पाठिंबा कधी भेटला नव्हता. मॅडमनं माझ्याकडं थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. राहू दे."

प्रणाली पहिली. महिनाभर पाठ केलेलं सगळं त्या घोंगावण्यात गेलं. दोन मिनिटांनंतर ती माझ्या बाजूनं जाताना दातओठ खाऊन म्हणाली, "तुले पाहतेच मी." भूषण दुसरा. तो आपल्या हळू लयीत, एका जागी उभा राहून बोलला. काहीच ऐकू नाही आलं, पण त्याचं तोंड असं हलत होतं जसं तो बागेतल्या झाडाले काही समजावून सांगून राहिला. त्याले फरकच पडला नाही, ऐकणारे आहेत की नाहीत.

मग मी. समोर गेलो. सगळे आरामात मागं टेकलेले, वारा खात. कोणी पाहून नव्हतं राहिलं. हेच पाहिजे होतं. मी तोंड उघडलं, नुसतं हलवायसाठी.

आणि आवाज निघाला. केवढा! छातीतून, पोटातून, कूलरच्या वरून, "वेळ असा वाया घालू नका! गेला तं वापस नाही येत!" मागच्या बाकावरचे दचकून सरळ बसले. मी थांबवायचं म्हटलं तरी थांबेना. मशीन चालू असताना कसं बोलायचं, ते माझ्या गळ्याले मनाआधीच माहीत होतं. "हो" चा "हाव" झाला, "तर" चा "तं" झाला, हात आपोआप झटकले गेले. वर्ग ऐकून राहिला होता. एकजण तर मान डोलवून राहिला होता. आणि मधातच माझ्या अंगावर काटा आला. हा बाबा होता. मी नक्कल नव्हतो करून राहिलो, पण हा बाबाच होता, शब्दाच्या शेवटी येणाऱ्या खरखरीसकट. शोधून शोधून तळाशी हात घातला आणि तिथंही दुसऱ्याचंच सापडलं. मौद्याले परत जाऊन बाबा व्हायचं भेव वाटत होतं, आणि मी तर इथंच, वर्गात उभ्या उभ्या झालो होतो.

मॅडम उठल्या. स्वतः मागं गेल्या आणि बटन बंद केलं.

माझं शेवटचं वाक्य त्या शांततेत एकटंच सापडलं, "समजलं का!" सगळे खदखदून हसले. हसणं ओसरलं. मॅडम तिथंच, बंद कूलरजवळ उभ्या राहिल्या आणि त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दोन मिनिटं झाली. एक प्रश्न विचारते. तू स्वतः वेळेचं नियोजन कसं करतोस?"

उत्तर पाठ होतं. सकाळी लवकर उठणे, दिवसाची आखणी करणे, मोबाईल दूर ठेवणे. बातम्यावाल्याच्या आवाजात तयार, हेडमास्तरच्या आवाजात तयार, प्रणालीच्याही. मी एक एक काढून पाहिला आणि एक एक खाली ठेवला. कुठं नेत होते ते आवाज मले? कपाळावरून घाम भुवईत, भुवईतून डोळ्यात. "बोल बे," कोणीतरी म्हणे, "शिजलो ना आम्ही." मले वाटलं, आता सरळ दारातून बाहेर जावं, बस पकडावी, मौदा. खरंच पाय वळला होता.

"नाही होत, मॅडम," मी म्हटलं.

"काय नाही होत?"

"नियोजन. मले नाही होत. रोज ठरवतो. मग... नाही होत. सगळे विषय राहिले ना माझे. मले वाटते दिवस मोठा आहे. मग संध्याकाळ होते." इथं थांबलो. पुढं काही येत नव्हतं, तरी तोंडातून निघालं, "मले भेव लागते खूप. म्हणून मी लोकांले हसवत बसतो, त्यात दिवस जाते."

कोणी हसलं नाही. मी वाट पाहिली, सवयीनं. नाहीच हसलं. त्या बोलण्यात ना चढ होता ना उतार, मधात दोनदा फाटलं, एकदा तर शब्दच नाही निघाला, नुसती हवा. एवढं टुकार मी जन्मात बोललो नव्हतो.

मॅडमनं केसातून पेन काढला. "बस खाली," त्या म्हणाल्या. आणि मी बसल्यावर, कोणाकडंही न पाहता, "पास."

मी बाहेर आलो. पाण्याच्या टाकीवर जाऊन नळाखाली डोकं धरलं. पाणी उकळतं होतं, तरी धरलं. प्रणाली आली, मले शिव्या घालायच्या म्हणून आली होती, पण माझ्याकडं पाहून नुसती म्हणाली, "माझं कोणालेच नाही ऐकू आलं, माहीत आहे का," आणि तिनं आपला रुमाल दिला. मॅडमनं तिले नंतर परत बोलायले लावलं, कूलर बंद करून, आणि तिनं वर्ग हलवला. पण ते दुसऱ्या दिवशी.

प्रणाली बस पकडायले गेली. भूषण राहिला. तो नळाजवळच्या कट्ट्यावर बसला होता, पाय हलवत.

मग म्हणे, "तुहा आवाज आज पहिल्यांदा ऐकला बे."

मी तोंडावरचं पाणी पुसलं. मले विचारायची हिंमत होत नव्हती, तरी विचारलं, "कसा आहे?"

भूषणनं विचार केला. खरंच केला, संत्रं हातात घेऊन वजन पाहावं तसा.

"बारीक आहे," म्हणे.